७० जणांच्या ऑफिसला हाउसकीपिंग एजन्सी लावावी का? पैसे वसूल होतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बाणेरला दोन मजल्यांवर ७० जणांचं ऑफिस आहे, सकाळी एक मावशी येऊन झाडू-पोछा करून जातात, दिवसभर ऑफिस बॉयच चहा देतो आणि जमलं तर टॉयलेटही बघतो, आता एका एजन्सीने तीन माणसांचं कोटेशन दिलंय आणि तुमचे पार्टनर, ज्यांचं भोसरीला मशीन शॉप पण आहे, ते म्हणतायत की झाडू मारायला एवढे पैसे कशाला. मी या धंद्यात पुण्यातच बरीच वर्षं आहे, आधी चाकण पट्ट्यात कंपन्यांच्या शॉप फ्लोअरवर आणि आता जास्त करून आयटी ऑफिसेस बघतो, तेव्हा माझं मत थोडं आमच्या बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाचा.

माझं उत्तर हो आहे, ७० माणसांना परवडतं. पण एजन्सीच्या ब्रोशरमध्ये ते जे लिहितात ना, की स्वच्छ ऑफिसमुळे प्रॉडक्टिव्हिटी अमुक टक्के वाढते वगैरे, तिकडे दुर्लक्ष करा, ते मोजणार कोण आणि कसं. खरा फायदा साफसफाईच्या बिलात शोधायला गेलात तर सापडणारच नाही, तो दुसऱ्यांच्या बिलात दिसतो, म्हणजे एसीवाला, प्लंबर, पेस्ट कंट्रोल, कार्पेटवाला, नेटवर्कवाला. पार्टनरना समजवायचं असेल तर गेल्या दोन वर्षांची ही सगळी बिलं काढा आणि मग पुढचं वाचा.

आधी उंदीर. हसू नका, आयटी ऑफिसमधला सगळ्यात महागडा कचरा म्हणजे डेस्कवरचे वडापाव आणि फरसाणाचे कण. लोक जागेवर बसून खातात, कीबोर्डखाली, ड्रॉवरमध्ये, पायाशी खाली सगळीकडे बारीक सांडतं, मावशी सकाळी येऊन मधल्या पॅसेजमधून झाडू मारतात कारण वर्कस्टेशनच्या खाली झाडू पोचत नाही आणि वायरींचं जंगल असतं म्हणून त्या हात घालायला घाबरतात, बरोबरच आहे त्यांचं. मग रात्री उंदीर येतात, खाऊन झालं की दात झिजवायला केबल कुरतडतात, फॉल्स सीलिंगमध्ये आणि वायरी टाकायला उचलून घेतलेल्या फरशीखाली (रेझ्ड फ्लोअर) घर करतात आणि एका सोमवारी सकाळी अर्ध्या मजल्याचं नेट बंद. नेटवर्कवाला येऊन केबल बदलतो, पेस्ट कंट्रोलवाला येऊन ग्लू पॅड ठेवतो, आणि खाणं तसंच सांडत राहतं. पेस्ट कंट्रोल कितीही चांगलं असू दे, रात्री खायला मिळत असेल तर उंदीर जात नाहीत. उपाय म्हणजे पेंट्रीचा ओला कचरा संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत इमारतीबाहेर, डेस्कखाली व्हॅक्युम आठवड्यातून दोनदा तरी, आणि फ्रीज-मायक्रोवेव्हच्या मागची जागा महिन्यातून एकदा सरकवून साफ. हे काम एकट्या मावशींकडून सकाळच्या दोन तासांत होणार नाही, कोणाकडूनच होणार नाही.

दुसरं एसी. बाणेर-बालेवाडीला बांधकामं थांबतच नाहीत त्यामुळे धूळ तर आहेच, पण सुक्या फडक्याने डस्टिंग करणं म्हणजे ती धूळ इथून उचलून हवेत सोडणं. ती जाऊन बसते एसीच्या फिल्टरवर, फिल्टर चोक झाला की हवा कमी खेचली जाते, कॉइलवर बर्फ धरतो, मग तो वितळून पाणी ठिबकतं थेट कोणाच्या तरी लॅपटॉपवर, आणि थंड होत नाही म्हणून लोक रिमोट घेऊन १८ वर आणतात, कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि महावितरणचं बिल वाढतं. तुम्ही एसीवाल्याला शिव्या घालता. ओलसर मायक्रोफायबरने पुसलं, वरून खाली या क्रमाने केलं, आधी सुकं काम मग ओलं काम, तर हीच धूळ पाण्यात जाते. क्रम ऐकायला फार साधा वाटतो पण मी कितीतरी ठिकाणी बघतो की आधी फरशी पुसतात आणि नंतर टेबलं झटकतात.

कार्पेट टाइल्स लावल्या असतील तर अजून एक. बारीक वाळू धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते, वरून दिसत नाही, खुर्चीची चाकं दिवसभर त्यावर फिरतात आणि धागे कापले जातात, म्हणून ऑफिसातल्या येण्याजाण्याच्या वाटेकडेची कार्पेट आधी जाते. दारात नीट मॅट टाका, एक पायपुसणं नाही, बाहेर खरखरीत आणि आत पाणी शोषणारं, चालताना प्रत्येक बूट दोन-तीन वेळा तरी त्यावर पडेल एवढं लांब. जून ते सप्टेंबर तर हे पाहिजेच. मॅटचा खर्च एकदाच, आणि ती रोज व्हॅक्युम करावी लागते हे मात्र विसरतात लोक, भरलेली मॅट आणि नसलेली मॅट यात फरक नाही.

आता टॉयलेट, कारण खरं सांगायचं तर कुठल्याही ऑफिसची साफसफाई मी तिथूनच तपासतो. तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असणार, म्हणजे जड पाणी, म्हणजे नळांवर, भांड्यांवर आणि युरिनलच्या आत पांढरा-पिवळा थर. हा थर आणि लघवीतले क्षार मिळून जो घट्ट लेप होतो त्याचाच वास येतो, आणि लोक त्यावर डांबरगोळ्या टाकतात आणि रूम फ्रेशनर मारतात, मग दोन्हीचा मिळून तिसराच वास. तो थर आठवड्यातून एकदा टॉयलेट क्लीनरने, ब्रशने घासून, थोडा वेळ लावून ठेवून काढावा लागतो. घाईत काय करतात, हार्डवेअरच्या दुकानातून अ‍ॅसिडचा कॅन आणतात आणि ओततात, सगळं पांढरंशुभ्र होतं, सगळे खूश, सहा महिन्यांनी टाइल्सच्या सांध्यांत भरलेलं ग्राउट खाल्लेलं, नळांचं क्रोम उडालेलं, पाणी खालच्या मजल्यावर झिरपतंय. खाली दुसऱ्याचं ऑफिस असेल तर मग बघायलाच नको. संगमरवर किंवा शहाबादी असेल तर अ‍ॅसिडचा एक थेंबसुद्धा डाग पाडतो, कारण तो दगडच अ‍ॅसिडने विरघळतो.

वासाचं अजून एक कारण जे शंभरातल्या नव्याण्णव ठिकाणी कोणाला माहीत नसतं. सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं की गटाराचा वास येतो ना? टॉयलेट धुतलेलं असतं तरी येतो. फरशीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी साठून राहायला पाहिजे, तेच पाणी खालचा गॅस वर येऊ देत नाही. शनिवार-रविवार एसी बंद, कोणी नाही, जी जाळी फारशी वापरातच नसते तिथलं पाणी वाळून जातं आणि ड्रेनेजचा गॅस सरळ आत. शुक्रवारी निघताना प्रत्येक जाळीत एक मग पाणी ओता, बस. यासाठी प्लंबर बोलावून फरशी फोडलेली ऑफिसेस मी पाहिली आहेत.

आणि टॉयलेटच्याच बाबतीत, तुमच्या ऑफिसमधल्या मुली काही बोलत नाहीत म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. घाणेरडं टॉयलेट असलं की बायका दिवसभर पाणी कमी पितात, ही गोष्ट एचआरच्या सर्व्हेमध्ये येत नाही. झाकणाची डस्टबिन, ती रोज रिकामी होणं, सॅनिटरी पॅडसाठी कागदी पिशव्या, आतून नीट लागणारी कडी, कोरडी फरशी. दुपारी साफसफाईला पुरुष माणूस आत जाणार असेल तर बाहेर बोर्ड लावायची पद्धत. मी तर म्हणेन की तीनपैकी एक माणूस बाईच असू दे, तुमच्या सध्याच्या मावशीच एजन्सीच्या रोलवर घ्यायला सांगा, ऑफिस त्यांना पाठ आहे, आणि एजन्सी आली म्हणून त्यांची भाकरी जायचं काही कारण नाही.

आता पार्टनरच्या कारखान्याबद्दल, कारण ते झाडू मारणं म्हणतात हे मला जरा खटकलं. त्यांना एक विचारा, खंडेनवमीला शॉपमध्ये काय होतं? आदल्या दिवशी सगळे ऑपरेटर स्वतःची मशीन घासून पुसून लख्ख करतात, धातूचे कण-कपचे (बर) निघतात, कूलंटचा चिकट थर निघतो, मग पूजा, झेंडूची माळ, पेढे. आणि त्याच दिवशी कोणीतरी म्हणतं की साहेब इथून ऑइल गळतंय, इथे बोल्ट सैल आहे, ही होज फुगल्यासारखी वाटतेय. गळत आधीपासूनच असतं, घाणीत दिसत नसतं. कामाची जागा नीट ठेवायची जपान्यांची जी ५एस पद्धत आहे त्यातला तिसरा एस, सेइसो, हाच आहे, साफ करता करता तपासणं. चाकणच्या गाडीच्या कंपन्या व्हेंडरचं ऑडिट करताना फरशी का बघतात, चमकावी म्हणून नाही, तर तेलाचा नवा थेंब पडला तर लगेच दिसावा म्हणून. वर्षातून एकदा खंडेनवमीला होतं ते दर शनिवारी अर्धा तास झालं तर मेंटेनन्सचं बिल कुठे जातं ते त्यांनी स्वतः बघावं.

हे फार नवीन काही नाही. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ११ मध्येच लिहून ठेवलं होतं की कचरा रोज काढायचा, कामाच्या जागेची फरशी आठवड्यातून किमान एकदा धुवायची, चुना मारलेल्या भिंतींना १४ महिन्यांतून एकदा तरी परत चुना द्यायचा. आता लेबर कोड आलेत, भाषा बदलली, पण मुद्दा तोच. आणि धूळ साचली तर काय होतं याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे, जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थला इम्पिरियल शुगरच्या कारखान्यात फेब्रुवारी २००८ मध्ये साखरेच्या धुळीचा स्फोट झाला, १४ माणसं गेली, आणि सरकारी तपासात निघालं की वर्षानुवर्षं साचत गेलेली धूळ नीट काढली जात नव्हती. साखर! आपल्याकडे तर साखर कारखाने गावोगाव. भोसरीच्या मशीन शॉपमध्ये साखर नाही, पण अ‍ॅल्युमिनियमची बारीक पावडर उडत असेल तर ती कॉम्प्रेस्ड एअरने फुंकू नका एवढं सांगा त्यांना, ती पण पेट घेते.

पुण्यात तर हा धंदा मोठा झालाच कारखान्यातून. हणमंतराव गायकवाडांची भारत विकास ग्रुप १९९७ ला सुरू झाली ती तेव्हाच्या टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, हाउसकीपिंगचं काम घेऊन, मोजक्या माणसांवर. पुढे त्यांची माणसं संसद भवनापर्यंत कामाला गेली. कारखान्याच्या शिस्तीतून आलं म्हणून इथल्या जुन्या सुपरवायझर लोकांना चेकलिस्ट आणि शेड्यूल अंगात भिनलेलं असतं, ऑफिसवाल्यांना मात्र अजूनही वाटतं की माणसं आणून सोडली की काम होतं.

तर आता कोटेशन. इथे जरा वेळ घालवा कारण सगळी गोम इथेच आहे. तुम्ही एका माणसाचा रेट विचारता, तीन एजन्सी तीन रेट देतात, आणि सगळ्यात कमीवाला घेता. उदाहरणासाठी समजा माणसाचा महिन्याचा पगार १५,००० रुपये. त्यावर मालकाचा पीएफ चार्जेस धरून १३ टक्के म्हणजे १,९५०, ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याचे ३.२५ टक्के म्हणजे ४८८ च्या आसपास, बोनस ८.३३ टक्के म्हणजे साधारण १,२५०. झाले जवळजवळ १८,७००. रजेचे पैसे, युनिफॉर्म, बूट यांचे हजारभर धरा, १९,७००. एजन्सीचा सर्व्हिस चार्ज १० टक्के, २१,६०० च्या वर गेलो. त्यावर १८ टक्के जीएसटी, साडेपंचवीस हजार. जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळतं हा भाग वेगळा. केमिकल, मॉप, टिश्यू यात अजून धरलेलंच नाहीये. पगाराचा आकडा मी फक्त गणितासाठी घेतलाय, तुमच्या परिमंडळाचं किमान वेतन आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता बघून खरा आकडा टाका.

मग एखादा एजन्सीवाला सगळं धरून १६,००० म्हणाला तर तो कुठून काढतोय? हे त्याला तोंडावर विचारा. एक तर पीएफ भरत नाही, किंवा माणसाला हातात कमी देतो, किंवा तीन माणसं दाखवून अडीच पाठवतो, किंवा केमिकलमध्ये पाणी. बहुतेक वेळा चारही थोडं थोडं. आणि पीएफ-पगाराचं पुढे काही झालं तर प्रिन्सिपल एम्प्लॉयर म्हणून कागद तुमच्या दारात येतो, ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. पार्टनरना हे नक्की सांगा, स्वस्त कोटेशन म्हणजे काही वेळा उधारी असते, फक्त ती तुमच्या नावावर चढतेय हे तुम्हाला माहीत नसतं.

आणि तीनऐवजी दोन माणसं घ्या म्हणतील कोणी, त्यावर. आमच्या धंद्यात एक जुनं वर्तुळ शिकवतात, हेन्केलमधल्या हर्बर्ट सिनर नावाच्या केमिस्टने १९५९ मध्ये मांडलेलं, की साफ व्हायला चार गोष्टी लागतात, केमिकल, घासणं, तापमान आणि वेळ. एक कमी केली की बाकीच्यांपैकी कुठली तरी वाढवावी लागते. माणूस कमी केलात म्हणजे वेळ आणि घासणं कमी केलंत, आता तो पोरगा तरी काय करणार, तो केमिकल वाढवणार, आणि आपल्याकडे केमिकल वाढवणं म्हणजे अ‍ॅसिड. वरचं ग्राउट आणि क्रोम आठवलं का. म्हणून मी नेहमी म्हणतो माणसं किती हे नंतर, आधी काम किती ते लिहा. कुठली खोली, दिवसातून किती वेळा, कशाने. वॉशरूमला नीट करायचं तर प्रत्येक वेळी १५-२० मिनिटं जातात, दोन मजल्यांवर चार वॉशरूम दिवसातून चार फेऱ्या म्हणजे एका माणसाचे पाच तास तिथेच गेले, मग पेंट्री, कॉन्फरन्स रूम, डेस्क कोण बघणार? हा हिशोब एजन्सीने तुम्हाला करून दाखवला पाहिजे, नाही दाखवला तर त्याला तुमचं ऑफिस बघितल्याशिवायच रेट द्यायचाय.

सामान वेगळ्या ओळीत मागा, माणसांच्या रेटमध्ये घुसवू देऊ नका. आर-१, आर-२, आर-३ ही टास्की या साफसफाईच्या केमिकलच्या ब्रँडची नावं कुठलाही हाउसकीपिंगवाला सांगेल, १ बाथरूमसाठी, २ सगळीकडे पुसायला, ३ काचेला, ६ कमोडला. आर-२ सारखं केमिकल रोजच्या फरशीला एक लिटर पाण्यात २० मिली पुरतं, पण पोरं झाकणाने अंदाजे ओततात, जास्त झालं की फरशी चिकट होते आणि चिकट फरशी जास्त लवकर काळी पडते, मग वाटतं अजून केमिकल टाकू. मोजायचा मग द्या, संपला विषय. पोछ्याच्या दोन बादल्या हव्यात, एक केमिकलची आणि एक पिळायची. एकच बादली असेल तर तिसऱ्या खोलीपर्यंत पहिल्या खोलीची घाण पसरवत नेतायत हे तुम्ही डोळ्यांनी बघू शकता, पाण्याचा रंग बघा. कापडांचे रंग ठरवा, लाल कमोड-युरिनलला, पिवळा बेसिनला, हिरवा पेंट्रीला, निळा डेस्कला. टॉयलेटचं कापड पेंट्रीच्या ओट्यावर फिरतंय हे मी चकाचक ऑफिसांत बघितलंय, लॉबीत इटालियन मार्बल आणि आत हे.

दोन-तीन गोष्टी जिथे मी अजिबात ऐकून घेत नाही. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र नाही, कधीच नाही, क्लोरीन गॅस होतो आणि बंद टॉयलेटमध्ये माणूस कोसळतो. स्वच्छ व्हावं म्हणून दोन्ही टाकणारे लोक आहेत, उत्साहाने टाकतात. केमिकल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायचं नाही, कोणीतरी तहानेने पितंच. आणि ड्रेनेजचं चेंबर, सेप्टिक टँक, सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटची (एसटीपी) टाकी, यात हाउसकीपिंगच्या पोराला उतरायला सांगायचं नाही, सोसायटीचा मॅनेजर म्हणाला दोन मिनिटांचं काम आहे तरी नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आत काय होतं ते पेपरात वाचतोच आपण.

कोविडच्या वेळी सगळ्यांनी हायपोक्लोराइट फवारलं, त्यातून एक चांगली सवय राहायला हवी होती ती राहिली नाही. जंतुनाशक मारलं आणि लगेच पुसलं तर काहीही होत नाही, ते ओलं राहायला लागतं, काहींना दहा मिनिटं लागतात, लेबलवर लिहिलेलं असतं. आणि आधी मळ काढायचा, मळावर मारलेलं औषध मळातच संपतं. दाराचे हँडल, लिफ्टची बटणं, वॉटर डिस्पेन्सरचा नळ, मीटिंग रूमचा रिमोट, फिंगरप्रिंटचं मशीन, रोज दुपारी एक फेरी एवढ्यावर पुरे. फॉगिंगचं मशीन घेऊन धूर करून जाणाऱ्यांना पैसे देऊ नका.

तपासायचं कसं? टॉयलेटच्या दारामागे तासातासाची चेकलिस्ट असते, त्यावर सकाळी नऊलाच संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या झालेल्या असतात, त्यामुळे तिच्यावर जाऊ नका. तुम्ही दुपारी साडेतीनला जा, जेवणानंतरची गर्दी ओसरल्यावर, आणि पाच जागा बघा. दाराच्या चौकटीच्या वरची कड बोटाने, बेसिनच्या खालची बाजू वाकून, पेंट्रीतल्या डस्टबिनचा तळ, एसीची ग्रिल, आणि मॉप कुठे आणि कसा ठेवलाय. मॉप ओला कोपऱ्यात उभा असेल आणि कुबट वास येत असेल तर बाकी काही बघायची गरज नाही, त्याच मॉपने तुमचं सगळं ऑफिस पुसलं जातंय. आठवड्यातून एकदा पुरे, पण ठरलेल्या दिवशी नको.

बरं, माणसांकडे बघा जरा. या कामात सगळ्यात मोठा तोटा म्हणजे माणसं टिकत नाहीत. नांदेड-परभणी-लातूरकडची पोरं, काही बिहार-यूपीची, दोन महिन्यांत जरा शिकतात आणि दुसरीकडे पाचशे जास्त मिळाले की जातात, मग नवीन पोरगा, परत काचेवर रेघा, परत अ‍ॅसिड. एजन्सी बदलून हे थांबत नाही. माणसं टिकतात कुठे ते मी बघितलंय, जिथे कपडे बदलायला जागा आहे, डबा खायला जिन्याखाली बसावं लागत नाही, पगार सात तारखेच्या आत होतो, आणि लोक नावाने हाक मारतात, ए हाउसकीपिंग म्हणत नाहीत. यातलं पगार सोडून सगळं तुमच्या हातात आहे आणि फुकट आहे. आणि पगारसुद्धा तुम्ही एजन्सीचं बिल वेळेवर दिलंत तर वेळेवर होतो, बिल ९० दिवस अडकवून ठेवणाऱ्या कंपन्याच नंतर म्हणतात की सर्व्हिस खराब आहे.

लहान ऑफिसवाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी, १५-२० माणसं असतील तर एजन्सी घेऊ नका, खरंच नको. मावशींना दोन तासांचे चार तास करा आणि त्याप्रमाणे पगार द्या, दोन बादल्यांचा मॉप आणि एक बऱ्यापैकी व्हॅक्युम घेऊन द्या, वापरायचं कसं ते स्वतः उभं राहून शिकवा, आणि तीन महिन्यांनी एकदा बाहेरून डीप क्लीनिंग करून घ्या. फरशी घासायच्या मोठ्या मशीनची तर ७० जणांनासुद्धा गरज नाही, कोटेशनमध्ये असेल तर खोडा, महिन्यातून एकदा सिंगल डिस्क, म्हणजे एका गोल ब्रशचं छोटं मशीन, भाड्याने आणली तरी चालतं.

तुमच्यासाठी मी असं करेन. दोन माणसं पूर्ण वेळ आणि तिसऱ्या मावशी सकाळी साडेसात ते साडेअकरा, म्हणजे लोक यायच्या आत डेस्क आणि व्हॅक्युम उरकतं आणि दिवसा वॉशरूम-पेंट्रीला माणूस राहतो. ऑफिस बॉयला टॉयलेटच्या कामातून पूर्ण बाहेर काढा, जो चहाचे कप भरतो त्याच्या हातात कमोडचा ब्रश नको. रात्रीची शिफ्ट घेऊ नका, रात्री कोण काय करतंय कोणी बघत नाही आणि बायकांना घरी सोडायची जबाबदारी वेगळी. करार आधी तीन महिन्यांचाच, दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस, सोबत रोजच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या कामांची यादी, पोलीस व्हेरिफिकेशनची कॉपी, कोण आलं नाही तर किती वाजेपर्यंत बदली माणूस येणार ते लिहून. काचा बाहेरून पुसायच्या असतील तर ते वेगळं काम, वेगळा विमा, रोजच्या पोरांना खिडकीबाहेर उभं करायचं नाही. आणि दुसऱ्या महिन्यापासून बिलासोबत आधीच्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआयसीचं चलन माणसांच्या नावांसकट मागा, चलन नाही तर बिल पुढे सरकणार नाही हे करारातच टाका.